प्रकरण अकरा : नत्थूची धावती

सकाळपासून पाचव्यांदा भैय्यालाल त्याच जागी अडला.

चुलीपुढं बसलेल्या धुरपताला ती जागा आता तोंडपाठ झाली होती. बासरी आधी सावकाश चालायची, मग वेग धरायची, स्वरावर स्वर चढत जायचा आणि आता पार होईल असं वाटत असतानाच फुंक फाटायची. नुसती हवा. मग मागच्या पडवीतून, सपरीतून, पोराचा धापलेला श्वास ऐकू यायचा, आणि थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यापासून.

या तुकड्याला घरात 'धावती' म्हणत. म्हणजे बावीस वर्षांपूर्वी म्हणत. डोमा आणि त्याचा धाकटा भाऊ नत्थू, दोघांनी तलावाच्या पाळीवर, बांधावर, गुरं राखता राखता ती बसवली होती. त्यानंतर या घरात धावतीचं नाव कोणी काढलं नाही, आणि नत्थूचंही क्वचितच. आता नत्थू पौषात नाकाडोंगरीला मेला होता, खाणीच्या धुळीनं छाती भरून. त्याचा एकवीस वर्षांचा मुलगा आयुष्यात पहिल्यांदा अड्याळला आला होता. तीन दिवसांनी, वैशाखी पौर्णिमेला, वस्तीतल्या नव्या विहाराचं उद्घाटन होतं. त्यात तो बापाची धावती वाजवणार होता.

डोमा पुढच्या अंगणात कडुनिंबाखाली अंबाडीचा दोर वळत बसला होता, घराकडे पाठ करून. पुतण्या आल्यापासून त्यानं त्याला "जेवला का गा" एवढंच विचारलं होतं.

परसराम सदऱ्याची बटणं लावत स्वयंपाकघरात आला. पवनीला पाटबंधारे खात्यात कारकून होता तो. साडेआठची गाडी गाठायची होती.

"माय, त्याले जरा थांबाले सांग."

"काहून?"

"काहून म्हणजे? आख्खी वस्ती ऐकून राहिली. काल मले लोक विचारत होते, टेंभुर्ण्याच्या घरी पुन्हा वाजाले लागलं का म्हणून."

"मंग? मारोतरावानंच तं बोलावलं त्याले. विहार कमिटीचा अध्यक्ष तोच हाये ना?"

"मारोतरावाले कोणं सांगतलं, नत्थूकाकाचा पोरगा बासरी वाजवते म्हणून?"

धुरपतानं आधणात तांदूळ सोडले. झाकण ठेवलं.

"मी सांगतलं," ती म्हणाली.

परसरामचा हात गळ्याशी थांबला. "बाबाले विचारून?"

"बावीस वर्सं तुह्या बाबाले विचारूनच सारं केलं. नत्थू मेल्याचं कार्ड आलं तवा बी विचारलं, जाऊ का नाकाडोंगरीले? तं म्हने, धानाची चुरणी सुरू हाये. अन् कार्ड आढ्याले खोसून दिलं. आता नाई विचारलं. अन् विचारनार बी नाई."

"तुले समजत नाही, माय. नागपूरहून पाहुणे येऊन राहिले. वकील आहेत, प्रोफेसर आहेत. एवढ्या वर्षांनी आपण वर मान करून उभे झालो. अन् त्याच दिवशी आपल्या घरचा पोरगा मंचावर बसून वाजवंल? गावातले जुने लोक काय म्हणतील? अखेर वाजंत्र्याचं घर ते वाजंत्र्याचंच."

"सनई-डफडं येगळं, बासरी येगळी," धुरपता म्हणाली. "ते गावाच्या कामाचं होतं, ते सोडलं, बरं केलं. बासरी कोनाच्या दारात वाजवली होती गा त्यानं? आपल्या जिवासाठी वाजवे तो."

"हे तुले माहीत आहे. त्यांले माहीत आहे का?"

सपरीतली बासरी थांबली होती. मायलेकांचं बोलणं तिथवर गेलं हे दोघांनाही एकदमच कळलं. परसरामची बायको मंगला डबा घेऊन दारात आली. "घ्या," ती हळूच म्हणाली, "गाडी जाईल." ती नवऱ्याच्या बाजूनं होती की सासूच्या, ते तिच्या तोंडावरून समजत नव्हतं.

अंगणातून जाताना परसरामनं बापाकडे पाहिलं. डोमानं मान वर केली नाही. दोराला पीळ तेवढा घातला.

*

गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली तरी परसरामला बाहेरचं काही दिसत नव्हतं.

दीक्षा घेऊन आल्यानंतरचा पहिला उन्हाळा त्याला आठवत होता. तो चौदा वर्षांचा. वस्तीच्या बैठकीत ठरलं होतं, यापुढं गावाच्या कोणत्याही कामाला कोणी वाजवायला जाणार नाही. डोमानं सनई सोडली, डफडी सोडली. ज्या दिवशी ठरलं त्या दिवशी परसरामची छाती फुगली होती. शाळेत पोरं त्याला नावानं हाक मारत नसत. 'ए पिपाणी' म्हणत.

आणि मग एका दुपारी त्यानं काकाला पाळीवर पाहिलं. एकटा बसून नत्थू बासरी वाजवत होता. डोळे मिटलेले. परसराम धावत घरी आला होता.

"बाबा, काका वाजवून राहिला! ठरलं होतं ना?"

एवढंच. एवढंच बोलला होता तो. पुढं जे झालं ते त्यानं बापाच्या मागं उभं राहून पाहिलं होतं.

त्यावर बाप कधी बोलला नाही. परसरामनंही विषय काढला नाही. तो शिकला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, मुलं झाली. नाकाडोंगरीचं नाव निघालं की तो उठून बाहेर जायचा. लोकांना वाटायचं, काकाचा राग आहे त्याला.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा मंगला अंगणात पाणी शिंपडत होती.

"मामाजी दुपारी जेवले नाहीत," तिनं सासऱ्याबद्दल सांगितलं.

"काहून?"

"काय माहीत. भैय्यालाल दिवसभर वाजवत होता. ओठ सुजले त्याचे. अन् मामाजी..." ती थांबली. "दोर बाजूले पडला होता. मांडीवर बोटं हालत होती त्यांची. मी पाह्यलं तं मुठी झाकल्या."

"तुले बी आता त्याचाच पुळका आला का?"

"पुळका नाही. पण घरात काहीतरी आहे, ते तुम्ही तिघं मले सांगत नाही. बारा वर्षं झाली या घरात येऊन. नत्थूकाका कसे होते, हे विचारलं का सगळे उठून जाता."

तेवढ्यात भैय्यालाल विहिरीवरून हातपाय धुऊन आला. बारीक अंगाचा, नत्थूसारख्याच जाड भुवयांचा. तो जरा दूरच उभा राहिला.

"दादा, सकाळी ऐकलं मी. तुमाले अडचन होत असंल तं मी जंगलाकडं जाऊन बसत जाईन. अन् मंचावर नको असंल तं तसं सांगा. मी रागावनार नाई."

"तसं नाही रे..."

"बा तुमचं नाव खूप घे. म्हने, परसरामले पोहनं मी शिकवलं. पाळीवरून ढकलून दिला अन् मागून मी बी उडी मारली. नाकातोंडात पानी गेलं तरी रडला नाई म्हने."

परसरामनं डबा मंगलाच्या हातात दिला. बराच वेळ तो पायांतल्या चपला काढत राहिला.

"सपरीतच बसत जा," शेवटी तो म्हणाला. "बाहेर ऊन आहे."

*

दुसऱ्या दिवशी दुपारी डोमा उठून सपरीत गेला.

का गेला, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. ऊन इतकं होतं की कोंबड्याही गप्प पडल्या होत्या. धुरपता आणि मंगला आतल्या खोलीत पडल्या होत्या, परसराम कचेरीत. भैय्यालाल भिंतीला टेकून बसला होता आणि धावती पुन्हा त्याच जागी फाटली होती. काल दिवसभर डोमाला वाटत होतं, पोराची फुंकच कच्ची आहे. आज सकाळी त्यानं नीट कान दिला. फुंक कच्ची नव्हती. त्या तुकड्यात श्वास घ्यायला जागाच नव्हती.

"सावकास वाजव," तो म्हणाला.

भैय्यालाल दचकला. "काय मोठेबाबा?"

"धावती. धावू नको. चालत चालत वाजव. मले ऐकू दे."

भैय्यालालनं बासरी ओठाला लावली. एकेक स्वर सुटा करत तो वाजवू लागला. डोमा खांबाला धरून उभा होता. पहिली ओळ आली. नत्थूची. वरून खाली घरंगळत येणारी, शेवटी एक लहानशी उडी. हीच उडी घेताना नत्थूची डावी भुवई वर जायची. आणि तिच्या मागोमाग, तिला चिकटूनच, खालून वर चढणारी दुसरी ओळ आली.

"थांब," डोमा म्हणाला.

भैय्यालाल थांबला.

"हे पुन्हा वाजव. उडीच्या नंतरचं."

त्यानं पुन्हा वाजवलं. डोमा हळूहळू खाली बसला.

"हे माहं हाये," तो म्हणाला.

"काय?"

"हे नत्थूचं नाई. हे मी वाजवो. ते उतरतं ते त्याचं, हे चढतं ते माहं. दोघं समोरासमोर बसत होतो आमी. त्याचा शेवटचा सूर संपाच्या आंधी माहा पयला निघे. ऐकनाऱ्याले एकच बासरी वाटे. तो वाजवे तवा मी दम घेवो, मी वाजवो तवा तो." डोमानं मान हलवली. "एका मानसाची नाईच ते धावती. म्हनून तुले दम पुरत नाई."

भैय्यालाल हातातल्या बासरीकडे पाहत राहिला.

"बाले बी कधी पुरला नाई," तो म्हणाला. "खाणीतून आला का आंघोळ करून बसे. रोज. अर्ध्यात खोकला ये. पाठीवर हात फिरवावा लागे. माय म्हने, सोडा ना आता. तं म्हने, जमंल एक दिवस. एका मानसाले बी जमते."

बावीस वर्षं. रोज खाणीतून येऊन. आपली ओळ वाजवायची आणि लगेच भावाची ओळ आपणच घ्यायची, मध्ये श्वास न घेता. डोमाला वाटत आलं होतं, नत्थू तिकडं आपल्या नावानं बोटं मोडत असेल. तसं तो धरूनच चालला होता. त्यावरच इतकी वर्षं निभली होती. रागावलेल्या माणसाकडे जायचं कसं, असं म्हणता येत होतं.

"घ्या तुमी," भैय्यालाल बासरी पुढं करत म्हणाला. "तुमचं तुमी वाजवा. मंग मी बाचं वाजवतो. सांजपर्यंत बसते पाहा."

डोमानं बासरी घेतली. नाकाडोंगरीच्या जंगलातला बांबू. नत्थूनं स्वतः कापलेला, तापल्या सळईनं भोकं पाडलेला. बोटं भोकांवर आपोआप बसली, जणू बासरी कालच खाली ठेवली होती. त्यानं ती ओठाला लावली आणि फुंकली. पुढचे दोन दात पडून सहा वर्षं झाली होती. हवा फिसकन ओठांतून निघून गेली. पुन्हा फुंकली. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी एक थरथरता सूर निघाला आणि विझला.

त्यानं बासरी पोराच्या मांडीवर ठेवली.

"आंधी याले पाह्यजे होतं मी," तो म्हणाला. "धा वर्सं आंधी तरी."

"काहून नाई आले मोठेबाबा?"

पोरानं साधंच विचारलं होतं. त्यात ठपका नव्हता. तरी डोमाला वाटलं, आता नाही बोललो तर पौर्णिमा झाली की हा सुद्धा गाडीत बसून जाईल आणि आपण तसेच राहू.

"नत्थूनं तुले काय सांगतलं? गाव काहून सोडलं म्हनून?"

"कामासाठी. खाणीत भरती होती म्हने."

"अन् अड्याळची बासरी? त्याची पयली?"

"ते तुमसरच्या टेसनावर इसरली. गाडी बदलताना. बा हासून सांगे, बासरीवाला बासरी इसरला."

डोमानं डोळे मिटले.

"इसरली नाई, भैय्यालाल. मी तोडली."

सपरीत एक माशी घोंघावत होती. भैय्यालालच्या चेहऱ्यावर अजून काही उमटलं नव्हतं.

"आमचं ठरलं होतं, गावासाठी वाजवाचं नाई. ते बरोबरच होतं. नत्थूनं बी सनई सोडली होती. पन तो म्हने, भाऊ, बासरी आपली हाये, ते कोनाच्या हुकमाची नाई. मी म्हनलो, लोकं सनई अन् बासरी येगळी धरत नाईत. तो आयकला नाई. एक दिवस पाळीवर बसून वाजवत होता. मी गेलो. त्याच्या तोंडची बासरी ओढली अन् त्याच्या डोळ्यापुढं गुडघ्यावर मोडली. ओठ फाटला त्याचा. रगत आलं." डोमा थांबला. "तो एकच बोलला. म्हने, 'भाऊ, तुह्याच हातची होती ना गा.' मीच करून देल्ली होती त्याले, तो धा वर्साचा असताना."

"मंग?"

"मंग चार दिवसांनी निघून गेला. तुही माय पोटुशी होती. तूच पोटात. मी दारात होतो, पन अडवलं नाई. आठ दिवसांत समजलं मले, चुकलं म्हनून. आठ दिवसांत. बावीस वर्सं लागाले नाई पाह्यजे होते."

भैय्यालाल उठला. बासरी फडक्यात गुंडाळली.

"चाललो मी," तो म्हणाला, आणि खरंच चालू लागला. अंगणातून, फाटकातून, तलावाकडे.

आवाजानं धुरपता उठून दारात आली होती. किती वेळची उभी होती कोण जाणे. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तिला आठवलं, त्या वेळीही ती याच दारात उभी होती आणि काही बोलली नव्हती. धाकट्या जावेचं गाठोडं तिनंच बांधून दिलं होतं, मुकाट्यानं. बोलली असती तर? कदाचित काहीच झालं नसतं. पण ती बोलली नव्हती, हे तिचं तिला ठाऊक होतं.

"बसला काहून?" ती म्हणाली. "तवा नाई गेला त्याच्या मागं. आता तरी जा."

"काय तोंड घेऊन जाऊ वो?"

"हायेच तं हेच तोंड हाये. जा."

*

पाळीवर मोहाच्या झाडाखाली भैय्यालाल बसला होता. वैशाखात तलाव मध्यापर्यंत आटला होता, कडेचा गाळ तडकून गेला होता. डोमा काठी टेकत आला, थोडा दम खाल्ला आणि त्याच्यापासून दोन हात अंतरावर बसला.



"बानं तुमाले शिव्या देल्या असत्या ना," भैय्यालाल म्हणाला, "तं मले आता बरं वाटलं असतं. मी बी देल्या असत्या. पन त्यानं कधी एक सबद वाकडा काढला नाई. सारं लहानपन आयकलं, भाऊ असा, भाऊ तसा. भाऊ बासरी करून देते. भाऊ आला का पाहा बरं, कोनी अड्याळकडचं दिसलं का पाहा बरं. बजाराच्या दिवशी रस्त्यावर उभा राहे."

"मले कोनी सांगतलं नाई."

"तुमी कोनाले विचारलं?"

डोमानं नकारार्थी मान हलवली.

भैय्यालालनं फडकं सोडलं. "तुमचं कोनतं अन् त्याचं कोनतं, ते मले सांगा. नीट. एक एक."

मग डोमानं सांगितलं. बासरी वाजत नव्हती म्हणून तोंडानं, 'तन नन, तन नन' करत, बोटं मांडीवर आपटत. इथं नत्थू संपला. इथं मी. इथं पुन्हा तो. भैय्यालाल प्रत्येक ओळ वाजवून पाहत होता, डोमा मान हलवत होता, कुठं नाही म्हणत होता. "उडी घाईची नको. नत्थू तिथं अर्धी पापणी लवंल एवढा थांबे." दोन तास गेले. उन्हं कलली. डोमाची ओळ मधून काढली की भैय्यालालला श्वास पुरू लागला, आणि बापाची ओळ वेगात घेताना बोटं कुठंच अडखळेनात. जी जागा चार महिने, बाप गेल्यापासून, त्याला ओलांडता येत नव्हती ती एका संध्याकाळी ओलांडली गेली.

"आता सारं जोडून वाजव," डोमा म्हणाला. "माह्या जागी जरा हळू घे, म्हंजे दम..."

"नाई," भैय्यालाल म्हणाला. "तुमचं मी वाजवनार नाई."

डोमानं त्याच्याकडे पाहिलं.

"बानं बावीस वर्सं तुमचं वाजवलं. त्यातच त्याचा दम गेला. मी फक्त त्याचं वाजवीन. तुमच्या जागा रिकाम्या ठेवीन."

हे रागानं बोलला की मानानं, ते डोमाला कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

"बरं," तो म्हणाला.

*

पौर्णिमेच्या संध्याकाळी विहारापुढं मंडप भरला होता. पांढरी लुगडी, पांढरे सदरे. अड्याळचेच नाही, शहापूरकडचे, पवनीचेही लोक आले होते. वंदना झाली, पाहुण्यांचं स्वागत झालं. कमिटीचा सचिव म्हणून माइक परसरामकडे होता. कागदावर मारोतरावानं लिहून दिलं होतं : 'बासरीवादन, श्री. भैय्यालाल, नाकाडोंगरी.'

परसरामनं कागद पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला.

"आता बासरी वाजवतील भैय्यालाल नत्थूजी टेंभुर्णे," तो म्हणाला. आवाज जरा चढला होता. "ते माझे भाऊ आहेत. नत्थूजी टेंभुर्णे याच वस्तीचे. याच गावचे. ही धून त्यांची आणि माझ्या बाबांची आहे."

बायकांत बसलेल्या मंगलानं सासूचा हात धरला. धुरपता समोर पाहत होती.

भैय्यालालनं सुरुवात केली. सावकाश चाल सगळ्यांना आवडली. मंडपातली कुजबुज थांबली. मग धावती आली. नत्थूची ओळ वेगानं उतरत आली, उडी घेऊन थांबली. शांतता. एका श्वासाएवढी. पुन्हा ओळ, पुन्हा शांतता. नागपूरचे प्रोफेसर डोळे मिटून डोलत होते. त्यांना ती वाजवायची नवी रीत वाटली असावी. प्रत्येक रिकाम्या जागी डोमाला आपली ओळ लख्ख ऐकू येत होती आणि ती दुसऱ्या कोणालाही ऐकू येत नव्हती. मांडीवरची बोटं त्यानं आज झाकली नाहीत.

शेजारी बसलेला मारोतराव त्याच्या कानाशी वाकला.

"डोमाभाऊ, पोरगा मधी मधी इसरून राहिला का गा?"

"नाई," डोमा म्हणाला. "त्या जागा माह्या हायेत."

मारोतरावाला काही समजलं नाही. शेवटची ओळ संपली, टाळ्या झाल्या, खूप झाल्या. भैय्यालालनं हात जोडले. मंचावरून उतरताना त्यानं बापाच्या भावाकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी डोमा आणि परसराम त्याला गाडीवर पोहोचवायला आले. धुरपतानं मोहाचे लाडू आणि नव्या तांदळाची पिशवी बांधून दिली होती, भैय्यालालच्या आईसाठी, पार्वताबाईसाठी. पिशवी देताना ती म्हणाली होती, "मायले सांगजो, जाऊ बोलली नव्हती तवा. आता बोलते म्हनावं." भैय्यालालनं ऐकून घेतलं होतं.

भंडाऱ्याची गाडी आली. भैय्यालालनं पिशवी आत ठेवली आणि पायरीवर एक पाय देऊन थांबला.

"माय विचारंल, मोठेबाबा काय म्हनले. काय सांगू?"

"सांग, बासरी टेसनावर इसरली नव्हती," डोमा म्हणाला. "मी मोडली."

"ते मी नाई सांगनार." त्याचा आवाज शांत होता. "बानं झाकलं ते मी कायले उघडू? तुमाले सांगाचं असंल तं तुमी येऊन सांगा."

"जय भीम, दादा," तो परसरामला म्हणाला. डोमापुढं त्यानं नुसते हात जोडले. कंडक्टरनं घंटी वाजवली आणि गाडी निघाली. धूळ बसेपर्यंत दोघं बापलेक तिथंच उभे होते.

"नाकाडोंगरीले जाचं तं कसं जाते गा?" डोमानं विचारलं.

"भंडाऱ्याहून तुमसर. तिथून दुसरी गाडी." परसराम थोडा थांबला. "मी सुट्टी टाकतो. मीही येतो."

"तू कायले?"

"काकू विचारंल ना, तुमाले पाळीवर कोणं पाठवलं ते."

डोमानं चमकून मुलाकडे पाहिलं. म्हणजे यालाही सारं आठवत होतं तर. एका घरात, एका ताटाशेजारी ताट मांडून, इतकी वर्षं.

"तू लेकरू होता," तो म्हणाला. "ते तुह्यावर नाई."

"नसंल. पण मी सांगीन."

दोघं घराकडे चालू लागले. ऊन तापायला लागलं होतं. वळणावर डोमा थांबला, काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला.

"पार्वतानं दार नाई उघडलं तं?"

परसरामनं विचार केला.

"तर बाहेर बसू," तो म्हणाला.

"हो," डोमा म्हणाला. "बसू."